बिळाची तोंडं उघडी ठेवा

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी ३८ वर्षांचा आहे आणि माझी साडेसात वर्षांची भाची चिऊ म्हणजे माझा जीव की प्राण. तीन आठवड्यांपूर्वी बहीण आणि दाजी बाहेरगावी गेले म्हणून चिऊ दोन दिवस माझ्याकडे होती. माझ्याकडे 'वॉटरशिप डाउन'ची जुनी डीव्हीडी आहे. दहा-अकरा वर्षांचा असताना पाहिलेला हा सिनेमा, तेव्हापासूनचा लाडका. वर 'यू' छापलेलं, आत ससे, हाताने रंगवलेली चित्रं. म्हटलं, हल्लीच्या किंचाळणाऱ्या कार्टूनपेक्षा हे बरं. बघता बघता लक्षात आलं की पोरगी पापणीसुद्धा हलवत नाहीये. माणसं बिळं बुजवतात आणि ससे आत गुदमरतात तो प्रसंग आला, तशी ती उठून माझ्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. मी पटकन बंद केलं, 'अगं वेडे, नुसती चित्रं आहेत ती' म्हटलं आणि दुसरं काहीतरी हसरं लावून दिलं. तेव्हापासून ती झोपताना खोलीचं दार लावू देत नाही. बाथरूमचंही नाही. डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची सवय होती, ती सुटली. गंमत म्हणजे अंधाराचं तिला काही नाही, दिवा बंद केलेला चालतो. घरचे म्हणतात, भुताबिताचं काहीतरी डोक्यात शिरलंय. बहिणीने 'तुला पोर सांभाळायची अक्कल नाही' म्हणून फोन ठेवला, तो ठेवलाच. मला सांगा, हे कायमचं राहील का? चिऊशी काय बोलू? आणि मुलांना दाखवण्यासारखा नसेल तर या सिनेमाला 'यू' दिलं कुणी?

– अपराधी मामा"

प्रिय मामा,

शेवटचा प्रश्न तुम्ही रागाने विचारलाय. तोच आधी घेते, म्हणजे राग बाहेर पडेल आणि चिऊकडे नीट बघता येईल.

'यू' दिलं ते ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने, १९७८ साली. शुद्धीवर राहून, विचार करून दिलं. त्यांचं म्हणणं नोंदलेलं आहे: चित्रं असल्यामुळे रक्तपाताची खरी धार बोथट होते, मूल बघताना हेलावेल, पण गोष्टीची मोहिनी उतरली की त्याला काही फारसा त्रास होणार नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाटलं की लिहिणाऱ्याने त्या रात्री कुठल्याही सात वर्षांच्या पोराशेजारी झोपून बघितलेलं नसावं. मोहिनी उतरली की त्रास नाही म्हणे! त्रास सुरू होतो तोच मुळी मोहिनी उतरल्यावर, दिवे मालवल्यावर.

त्या एका शिक्क्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेलच, कारण तुम्ही त्या पंथातलेच दिसताय. आईबापांनी 'ससे' एवढंच वाचलं आणि पोरांना बसवलं. ब्रिटनमध्ये त्या पिढीची माणसं आज पन्नाशीत आहेत आणि या सिनेमाबद्दल युद्धावरून परतलेल्या सैनिकांसारखी बोलतात. शेत रक्ताने भरून येतं ते दृश्य, तारेच्या फासात मान अडकलेला बिगविग नावाचा ससा, शेवटचा तो कुत्रा. बोर्डाकडे जवळजवळ दरवर्षी या सिनेमाच्या तक्रारी येत राहिल्या. २०१६ मध्ये तिथल्या एका वाहिनीने तो ईस्टरच्या रविवारी दुपारी लावला. ईस्टर म्हणजे त्यांच्याकडे सशाचा सण, त्यामुळे लावणाऱ्याला ते शोभूनच दिसलं असणार. घरोघरी पोरं रडली, पालक संतापले आणि जुना वाद नव्याने पेटला. अखेर २०२२ मध्ये बोर्डाने श्रेणी बदलून 'पीजी' केली, म्हणजे आईवडिलांनी जरा बघून दाखवा. चव्वेचाळीस वर्षांनी. तुमची डीव्हीडी त्याच्या आधीची, म्हणून तिच्यावर 'यू' आहे.

दिग्दर्शक मार्टिन रोझन यांना बोल लावायचा तर तोही पुरता लागत नाही. पोस्टरवर त्यांनी फासात अडकलेला ससा मुद्दाम ठेवला होता, हळव्या मुलाची आई तेवढं बघूनच सावध होईल म्हणून. आया सावध झाल्या नाहीत. चित्रात काढलेलं ते सगळं लहान मुलांचं, ही समजूत पोस्टरपेक्षा भारी ठरली. ही चूक ब्रिटनपुरती नाही. १९८८ साली जपानमध्ये 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा दोन अनाथ भावंडांच्या उपासमारीचा ॲनिमेशनपट 'माय नेबर टोटोरो'सारख्या गोड सिनेमाबरोबर एकाच तिकिटावर दाखवला गेला. तेव्हा अक्कल नसलेल्यांच्या यादीत तुम्ही एकटे नाही, बरीच मोठी आणि नामांकित मंडळी तुमच्या पुढे उभी आहेत.

झाला राग? आता चिऊ.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही स्वतः लिहिलीत आणि स्वतःच ओलांडून पुढे गेलात. ती अंधाराला घाबरत नाही. दार लावायला घाबरते, पांघरूण तोंडावर आलं की घाबरते. मामा, ज्या मुलाच्या डोक्यात भूत शिरतं ते दार लावून घ्यायला सांगतं, डोक्यावरून पांघरूण ओढतं आणि दिवा मालवू देत नाही. चिऊचं सगळं याच्या उलट चाललंय. पोरीने बंद झालेली बिळं पाहिली आहेत. सगळी तोंडं बुजली, हवा संपली, आतल्या वाटा मेलेल्या सशांनी अडल्या. ती झोपायला जाते तेव्हा तिची खोली हे एक बीळ होतं आणि दार हे त्याचं एकुलतं एक तोंड. तुम्ही ते लावायला निघालात तर ती ओरडणार नाही तर काय करेल? मला विचाराल तर पोरगी फार हुशार आहे. तिने धोका बरोबर ओळखलाय, फक्त घर चुकीचं धरलंय.

आणि त्याच क्षणी तुम्ही सिनेमा बंद केलात. मी असते तर मीही केला असता, हात तिकडेच जातो. पण त्याचा अर्थ असा झाला की तिच्यापुरती गोष्ट तिथेच संपली. ससे अजून आत आहेत. तीन आठवडे आत आहेत.

वर तुम्ही 'नुसती चित्रं आहेत' म्हणालात. मोठ्यांना हे वाक्य फार आवडतं, कारण ते बोलून मोकळं होता येतं. लहान मुलांच्या भीतीवर काम करणारे लोक सांगतात की सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाला 'हे खोटं आहे' म्हटल्याने फारसा धीर येत नाही; जवळ घेणं, हाताला काहीतरी काम देणं याचा जास्त उपयोग होतो. चिऊ नेमकी त्या उंबरठ्यावर आहे, अर्धी आत अर्धी बाहेर. शिवाय तिला कुठे वाटतंय की ससे खरे होते? तिला समजलंय ते इतकंच की असं होऊ शकतं. आणि ते खोटं नाही. सशांच्या बिळात विषारी वायू सोडणं हे ब्रिटनमधल्या शेतांवर खरोखर घडत आलेलं आहे. चित्रं होती हे खरं, पण चित्रातली गोष्ट खोटी नव्हती. तुमच्या भाचीला हे तुमच्या आधी कळलं.

आता काय करायचं. मला जे सांगायचंय ते या कथेच्या जन्मातच आहे, म्हणून थोडी तिकडे वळते.

रिचर्ड ॲडम्स हे सरकारी नोकरीतले गृहस्थ. लांबच्या प्रवासात गाडीत कंटाळलेल्या त्यांच्या दोन लहान मुलींनी गोष्टीचा हट्ट धरला आणि त्यांनी हेझल आणि फायवर नावाच्या दोन सशांची गोष्ट रचत रचत सांगायला सुरुवात केली. मुलींनी पिच्छा पुरवला म्हणून ती लिहून काढली. अनेक ठिकाणांहून नकार आले (मोठी मुलं सशांना बालिश म्हणतील आणि छोट्यांना भाषा जड जाईल, असा एक सूर होता) आणि शेवटी १९७२ मध्ये पुस्तक निघालं. म्हणजे बघा, गुदमरणारे ससे, फास, रक्त, मरण घेऊन येणारा काळा ससा हे सगळं ज्या कथेत आहे ती सगळ्यात आधी ऐकली ती दोन छोट्या मुलींनीच. फरक इतकाच की ती बापाच्या आवाजात आली. बापाला आरशातून त्यांचे चेहरे दिसू शकत होते. आवाज हळू करता येत होता, थांबता येत होता, 'मग काय झालं?' विचारायला वाव होता.

आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीत काय कमी आहे? वाघ म्हातारीला खायलाच टपलेला असतो. पण आजी 'टुणूक टुणूक' म्हणते तेव्हा मांडी हलते, पोर खिदळतं आणि वाघ जेवढा पेलवेल तेवढाच मोठा होतो. पडद्यावरच्या वाघाला समोर कोण बसलंय ते दिसत नाही.

तेव्हा चिऊला तो सिनेमा पुन्हा दाखवू नका, 'भीती घालवायला' म्हणून तर मुळीच नाही. उरलेली गोष्ट तिला सांगा. तोंडाने, दिवसा, तिच्याकडे बघत. जमलं तर चालता चालता किंवा हाताने काही करता करता. समोरासमोर बसवून 'आपल्याला बोलायचंय' असा पवित्रा नको.

सुरुवात माफीने करा, पण लांबण लावू नका. 'मी त्या दिवशी मध्येच बंद केलं आणि वर नुसती चित्रं म्हणालो, ते चुकलं माझं. तुला त्या बंद झालेल्या बिळांची भीती वाटते का?' एवढं विचारा आणि गप्प बसा. ती 'नाही' म्हणेल कदाचित. म्हणू दे. तरी पुढची गोष्ट सांगा.

आणि पहिली गोष्ट ही सांगा की तो गुदमरण्याचा प्रसंग जो ससा सांगत असतो, तो हॉली, त्या बिळातून बाहेर आलेला असतो. जखमी, अर्धमेला, पण बाहेर आलेला. म्हणून तर सांगू शकतो. चित्रं इतकी भयानक आहेत की हे साधं सत्य त्यांच्याखाली दबून जातं. मोठ्यांच्याही लक्षात राहत नाही. चिऊला ते माहीतच नसणार. तिला हेही आठवून द्या की हेझलची टोळी आधीच निघून गेली होती, कारण टोळीतल्या छोट्याशा, भित्र्या म्हणून हिणवल्या गेलेल्या फायवरला संकट आधी कळलं होतं आणि मोठ्यांनी त्याचं ऐकलं नव्हतं. ही बाब साडेसात वर्षांच्या मुलीला फार आवडते, बघाच तुम्ही.

मग पुढे जा. त्यांना उंचावरची टेकडी मिळते, जिथून सगळं दिसतं. (ती टेकडी खरी आहे, इंग्लंडमध्ये हॅम्पशायरला, नकाशात दाखवा तिला.) हेझलला गोळी लागते, पण तो वाचतो. एक उद्धट समुद्रपक्षी त्यांचा दोस्त होतो. त्याच्या तोंडची शिवी मात्र गाळा, बहीण आधीच बोलत नाहीये. आणि मग क्रूर जनरल वुंडवर्ट चालून येतो, तेव्हा बिगविग अरुंद बिळात एकटा त्याची वाट अडवून उभा राहतो. या जागी थोडं रेंगाळा. बिळातली अडलेली वाट तिने मरणाची म्हणून पाहिली आहे. इथे तीच वाट एक ससा सगळ्यांना वाचवायला अडवतो. हे तुम्ही तिला समजावून देऊ नका. नुसतं सांगा, ती लावील काय लावायचं ते.

ती विचारील, 'पण ते बाकीचे ससे खरंच मेले?' हो म्हणा. या एका जागी खोटं बोललात तर पुढचं सगळं फुकट जाईल. तिच्या डोळ्यांनी पाहिलंय तिने. हो म्हणा आणि तिला वाईट वाटू द्या. मेलेल्या सशांचं वाईट वाटणं हा आजार नव्हे.

मग कागद द्या आणि बिळाचं चित्र काढायला सांगा. तिचं स्वतःचं बीळ, आतून कसं असतं ते. खोल्या, वाटा, आणि बाहेर पडायची तोंडं. किती तोंडं ते तिने ठरवायचं. खऱ्या सशांच्या बिळालाही एकाहून जास्त तोंडं असतात, हे तिला सांगायला हरकत नाही. चित्र बघून 'छान' म्हणायची घाई करू नका. 'इथून आत आलं तर कुठून बाहेर पडायचं?' असं बोट ठेवून विचारा.

दाराचंही तेच. बहिणीला सांगा की दार किती उघडं ठेवायचं ते चिऊला ठरवू दे. रोज रात्री तिने स्वतःच्या हाताने दार हवं तेवढं ढकलायचं. आज पूर्ण उघडं, आठवड्याने अर्धं, नंतर एक चप्पल मावेल एवढं. ती झोपल्यावर गुपचूप लावून टाकायची हुशारी कुणीही करू नये. जाग आल्यावर दार बंद दिसलं की झालं, मग तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही.

हे मी अनुभवाने म्हणतेय. लहानपणी आमच्या घरी एक पुस्तक होतं, त्यात एका राक्षसाचं चित्र होतं. मी ती दोन पानं टाचणीने एकमेकांना टोचून ठेवली होती, आणि तेवढ्यावर माझं नि त्या राक्षसाचं बरं चाललं होतं. एक दिवस मोठ्या भावाने गंमत म्हणून टाचणी काढून ठेवली. मी पान उलटलं आणि राक्षस! पुढे कित्येक महिने मी त्या कपाटाजवळ गेले नाही. नंतर टाचणी पुन्हा लावली, आणि कधीतरी माझी मीच काढली. कधी काढली ते आठवतही नाही.

तर, कायमचं राहील का? थोडंसं राहतं, हे कबूल करते. अमेरिकेत १९९९ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी किंवा पौगंडावस्थेत पडद्यावर पाहिलेल्या कशाची तरी भीती बराच काळ टिकली, असं त्यातल्या साधारण १० पैकी ९ जणांनी सांगितलं, आणि जवळपास चौथ्या हिश्शाला तिची झळ अजूनही लागत होती. झळ म्हणजे आयुष्य उद्ध्वस्त नव्हे. कुणी समुद्रात पोहत नाही, कुणी अमुक दृश्य आलं की उठून जातं. चिऊ मोठेपणी कदाचित दार जरा उघडं ठेवून झोपेल. पुष्कळ माणसं झोपतात. मात्र आणखी तीन-चार आठवड्यांत काहीच सैल पडलं नाही, किंवा शाळेत जायला, खायला, एकटं बसायला ती नकार देऊ लागली, तर मुलांच्या डॉक्टरांना किंवा बालमानसतज्ज्ञांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि तुम्ही स्वतः? दहाव्या-अकराव्या वर्षी पाहिलात म्हणता. तेव्हा किती रात्री झोप लागली नव्हती, आठवतंय? पत्रात त्याचा एक शब्द नाही. टेकडी आठवते, आर्ट गारफंकलने गायलेलं सिनेमातलं ते 'ब्राइट आइज' गाणं आठवत असेल, १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं ते. भीती मात्र गळून गेली. या सिनेमाचा वारसा असाच चालत आलाय: घाबरलेली पोरं मोठी होतात, भीतीचं रूपांतर कधीतरी मायेत होतं, आणि मग ती हौसेने पुढच्या पोराला समोर बसवतात. मी याला दुष्टपणा म्हणणार नाही. मला वाटतं तुम्हाला चिऊला तुमची एक फार जवळची वस्तू द्यायची होती. फक्त ती तुम्हाला मिळाली तेव्हा तुम्ही तिच्याहून तीन वर्षांनी मोठे होता, आणि त्या वयात तीन वर्षं म्हणजे केवढी तरी.

बहिणीला फोन करा. 'यू होतं गं वरती' हे वाक्य काढू नका. ते खरं असलं तरी काढू नका. 'मी आधी पुन्हा बघायला हवा होता' म्हणा, कारण चूक तेवढीच आहे. दाराचं कारण काय असावं ते तिला सांगा. तीन आठवडे पोरीला भूत लागलंय असं समजणाऱ्या आईला खरं कारण कळलं तर ती अक्कल वगैरे विसरेल. डीव्हीडी तिच्याच ताब्यात द्या आणि सांगा की चिऊ मागेल तेव्हा, दहा-बारा वर्षांची झाल्यावर, तिघांनी मिळून बघायचा, आणि मध्येच बंद करायचा तर तो चिऊने.

गोष्ट सांगताना शेवट गाळू नका एवढं मात्र बघा. हेझल म्हातारा होतो. टेकडीवर नवी पिल्लं बागडत असतात. काळा ससा येतो, ओढून नेत नाही, बोलावतो. हेझल एकदा पिल्लांकडे बघतो, गवतावर आडवा होतो, आणि त्याचा प्राण उड्या मारत निघून जातो. एवढ्या रक्ताळलेल्या सिनेमाचा शेवट इतका मऊ आहे हे चिऊला अजून ठाऊक नाही.

ता. क. पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही घाईघाईत विचारलंय की याच दिग्दर्शकाचा १९८२ चा 'द प्लेग डॉग्ज' चिऊला चालेल का, त्यात कुत्रे आहेत आणि तिला कुत्रे आवडतात. मामा, ते कुत्रे प्रयोगशाळेतून पळालेले आहेत. नाही चालणार.